मदत हवी आहे: पितळी गाय-वासराचे डाग पितांबरीने निघत नाहीत

मीनल_के: शुक्रवारी वसुबारस. गाय-वासराची पितळी जोडी कपाटातून काढली तर गाईच्या पाठीवर आणि शिंगांवर काळपट डाग. पितांबरीने घासून हात भरून आले, डाग जसेच्या तसे. पूजेनंतर हीच जोडी फराळाच्या टेबलावर मधोमध ठेवायची आहे, पाहुणे येणार आहेत. लवकर सांगा प्लीज.

सुगरणबाई: चिंचेचा कोळ आणि मीठ. पाच मिनिटं लावून ठेवा. आमच्या समया, घंटा, निरांजनं सगळी यावरच लखलखतात.

धातुवेडा: थांबा. जोडी जुनी की नवी? घेतली तेव्हा आरशासारखी चकचकीत होती का?

वऱ्हाडी: आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी मिरवतात. रंगाचा एक हात मारला की नवा. पितळेच्या भानगडीत पडूच नये.

मीनल_के: प्रदर्शनात घेतली होती, जुनी नाही. हो, चकचकीत होती, त्याचा इथे काय संबंध? चिंच लावून पाहिली, काहीही झालं नाही.

अप्पा५६: मग ते पितळ नाहीच. लोहचुंबक लावा, चिकटलं तर आत लोखंड.

धातुवेडा: अप्पा, चिकटलं नाही म्हणून पितळ ठरत नाही. ॲल्युमिनियमवर मुलामा असला तरी चुंबक चिकटत नाही. मीनलताई, खुराखाली दिसणार नाही असा बारीक ओरखडा काढा. आत पांढरं दिसलं तर घासणं लगेच बंद करा. आणि गळ्याच्या वळ्या काळ्या आहेत की चमकतात?

तांब्याभांडं: कल्हईवाल्याला द्या, एका दिवसात करून देतो.

सुगरणबाई: अहो, कल्हई भांड्याला आतून करतात, अन्न कळकू नये म्हणून. गाय पांढरी करायचीय का?

मीनल_के: ओरखडा पिवळा आहे. वळ्यांत छान चमक आहे, काळं फक्त वर.

धातुवेडा: मग उत्तर मिळालं. साधं पितळ उलट वागतं: हात लागतो तो भाग उजळ राहतो, खाचा काळ्या पडतात. तुमच्या जोडीवर लॅकरचा, म्हणजे चमक टिकवणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचा, पातळ थर आहे. पाठीवर, शिंगांवर तो झिजून तडकला, फटींतून हवा-ओल आत जाऊन त्याखालचं पितळ काळवंडलं. उरलेल्या लॅकरखाली चिंच काय, पितांबरी काय, काहीच पोचत नाही. आधी ॲसिटोनने लॅकर काढा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि दिवे बंद. मग चिंच.

सुगरणबाई: देवाच्या वस्तूला केमिकल कशाला? लिंबाच्या रसात रात्रभर बुडवा.

धातुवेडा: रात्रभर अजिबात नको. आंबटात फार वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघतं आणि तांबूस चट्टे उठतात. ते चिंचेनेही जात नाहीत.

ज्योत्स्ना: वसुबारसेचा उपास असेल तर गहू आणि गाईचं दूध-तूप चालत नाही हं. आम्ही बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतो. टेबलावर शंकरपाळी ठेवणार असाल तर बघा.

मीनल_के: उपास सासूबाईंचा असतो, पाहुणे शनिवारी येणार आहेत. @धातुवेडा, घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे, चालेल? गाईचे डोळे काळ्या रंगाने रंगवलेत.

धातुवेडा: बाटलीवर ॲसिटोन लिहिलं असेल तर चालेल. डोळ्यांपासून बोळा लांब ठेवा, रंग विरघळेल.

मीनल_के: एका शिंगावर केलं. कापूस पिवळट चिकट झाला, मग चिंच लावल्याबरोबर शिंग पिवळंधमक! पाठ उद्या करते. पण आता लवकर काळं पडेल ना?

धातुवेडा: पडेल. धुतल्यावर लगेच खडखडीत कोरडं करा आणि मेणाचं पॉलिश कापडाने पुसटसं फिरवा. हळद-कुंकू ओलं राहू देऊ नका.

सुगरणबाई: म्हणजे काम चिंचेनेच केलं.

रानफूल: माझ्याकडे आजीचा पितळी हत्ती आहे, खाचा काळ्या. त्यालाही ॲसिटोन लावू?

धातुवेडा: नको! त्यावर लॅकर दिसत नाही. फोटो टाका आधी.