तावदान म्हणजे नुसती काच की अख्खी झडप?

विजापूर वेस : खिडकीच्या काचेच्या इतिहासावर एक पुस्तिका मराठीत करतोय. माझं वाक्य होतं, ‘तेव्हा एकेका झडपेत बारा-बारा तावदानं असत.’ तपासणाऱ्या बाईंनी तांबडी रेघ मारली. त्यांच्या मते तावदान म्हणजे काचा बसवलेली झडप, आत असतात त्या नुसत्या काचा. आमच्या गल्लीत तर चेंडू लागला की ‘तावदान फुटलं’ असंच ओरडायचे. काय करू?

माळवद : बाई बरोबर आहेत. आमची आजी ‘तावदानं ओढून घे, पाऊस आला’ म्हणायची. काच कशी ओढणार?

नुक्ता : शब्द फारसी, ताबदान. ताब म्हणजे उजेड, दान कलमदानातलं. उजेड यायची जागा, झरोका. काच असलीच पाहिजे असं मुळात नाही.

जुनी मिल : मला तर हा कागदाचा ताव वाटतो. काच परवडायची नाही तेव्हा युरोपातसुद्धा खिडकीला तेल पाजलेला कागद लावत.

नुक्ता : मग ‘दान’ कुणाला केलं?

शुद्धमती : फारसीचे पाय कशाला धरायचे? वातायन आहे, गवाक्ष आहे.

माळवद : वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. तिला काच लावल्यावर काय राहिलं ओ मॅडम?

शुद्धमती : आणि धाब्याच्या घराला साणं असतं, छतातलं उजेडाचं भोक, त्याला काच लावून आपण काय म्हणतो? साणंच. अर्थ पसरतो, शब्द टाकायचा नसतो.

विजापूर वेस : बारा तावदानांचं कारण सांगतो, त्यात उत्तर असेल. जुनी क्राउन काच फुंकून फुगा करायचे, तो नळीवरून दुसऱ्या सळईवर घ्यायचे, भट्टीच्या तोंडाशी तापवून गरागरा फिरवायचे. फुगा उलगडून ताटासारखा सपाट व्हायचा, चार-पाच फूट रुंद. मधोमध सळईची जाड गाठ राहायची. ती सोडून तुकडे कापायचे, म्हणजे तुकडे लहानच. शिवाय इंग्लंडात १७४५ ते १८४५ काचेवर वजनाने कर होता, म्हणून ही पातळ काच सोयीची. पुढे नळकांडं फुंकून, चिरून, उलगडलेली मोठी काच स्वस्त झाली. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाची काचेची इमारत, क्रिस्टल पॅलेस, तिला ४९ इंच लांब, १० इंच रुंद अशा सुमारे तीन लाख लागल्या. आता माझा तर्क : झडपेत एकच मोठी काच बसायला लागली तेव्हा झडप आणि काच यांतला फरक बोलण्यातून गेला.

शुद्धमती : त्या जाड गाठीला इंग्रज बैलाचा डोळा म्हणतात. आणि गवाक्ष म्हणजे? गो अधिक अक्ष! बघा आता.

नुक्ता : योगायोग. गवाक्ष त्या काचेच्या कितीतरी आधीचा.

जुनी मिल : जुन्या काचा खाली जाड असतात, कारण काच हळूहळू ओघळते, असं आमचे मास्तर शिकवायचे.

विजापूर वेस : ओघळत नाही हो. ताटाची काच सगळीकडे सारखी नसायचीच. जाड कड खाली ठेवून बसवली तर तशी दिसणारच.

अशोक चौक : आमच्या घरी तेलुगू. काचेला गाजु, बांगड्यांना गाजुलु. लहानपणी काच फुटली की आई विचारायची, ‘कुणाच्या हातातली?’

माळवद : लै भारी! पण मूळ प्रश्न राहिला बाजूला.

विजापूर वेस : ‘बारा काचांची तावदानं’ असं लिहिलं तर?

माळवद : बाईंना चालेल. गल्लीतली पोरं हसतील.

शुद्धमती : मला अजिबात चालणार नाही. ‘काचखंड’ का नको?

जुनी मिल : काचखंड! काय बे, भूगोल आहे का?

अशोक चौक : त्यावरून आठवलं. जुन्या सागवानी झडपेत लांबी (पुट्टी) भरून काच बसवणारा कुणी आपल्याकडे उरलाय का? ज्याला विचारावं तो स्लायडिंगच करा म्हणलालाय.

नुक्ता : लांबी शब्द कुठून आला, हे कुणाला माहीत आहे का?