'मोबिलिटी'साठी 'गतिशीलता' पुरते का?

तळमजला :

एका विद्यापीठातील संशोधकांच्या गटासाठी मी सध्या एका प्रश्नावलीचे मराठी रूप तयार करतो आहे. शहरी जीवन, निवारा, दारिद्र्य आणि मोबिलिटी असे त्यांच्या अभ्यासाचे चार भाग आहेत. पहिल्या तिन्हींचे शब्द आपल्याकडे रुळलेले असल्यामुळे तिथे फारसे थांबावे लागले नाही. चौथ्यासाठी पाठ्यपुस्तकांत 'गतिशीलता' आढळते, म्हणून तोच शब्द घालून मी काम पुढे नेले.

अडचण आली ती प्रश्नावली प्रत्यक्ष वाचून दाखवताना. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या हटवल्यावर ज्यांना मानखुर्दच्या इमारतींत घरे मिळाली, अशांपैकी एका बाईंकडे चाचणीसाठी गेलो होतो. त्या उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होत्या. 'या घरात आल्यापासून आपल्या कुटुंबाच्या गतिशीलतेत काय बदल झाला?' असे मी विचारताच त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "गुडघ्यांचं विचारताय का? जिना नाही चढवत आता."

मग मी प्रश्न सोडवून विचारला आणि त्या मोकळेपणाने बोलू लागल्या. रुळांकाठी राहत असताना धुण्याभांड्यांची घरे चालत जाण्याच्या अंतरावर होती. आता मानखुर्दहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथे गाडी बदलून माटुंगा, आणि या जाण्यायेण्यापायी चारांतली दोन कामे सुटली. दुसरीकडे घर पक्के झाले, दाराला कुलूप आले, धाकटी मुलगी बारावी झाली. "घर वर आलं, पण काम लांब गेलं," हे त्यांचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

रोजची ये-जा, घर बदलणे आणि घराण्याची आर्थिक-सामाजिक पायरी बदलणे, या तिन्ही गोष्टींना संशोधक मोबिलिटीच म्हणतात, आणि त्यांच्या तक्त्यात तिच्यासाठी एकच रकाना आहे. या तिन्हींना सामावून घेणारा, आणि त्या बाईंना समजेल असा, एखादा मराठी शब्द आपल्याला माहीत आहे का?

अनुस्वार :

शब्दात दोष नाही, तो सवयीचा नाही इतकेच. 'गतिशीलता' शुद्ध आहे, अर्थवाही आहे आणि वापराने रुळेल. काही जण 'चलनशीलता' लिहितात, ते मात्र टाळावे, कारण 'चलन' म्हटले की आजच्या वाचकाला नोटा आठवतात. 'संचार' हा उत्तम शब्द होता, पण संचारबंदीने त्याला जखडून टाकले आणि अंगात येण्यालाही आपण संचारच म्हणतो. जाता जाता दुसरी एक विनंती करतो. प्रश्नावलीत 'शहरी' ऐवजी 'नागरी' लिहावे. घरात 'नगर' असताना फारसीच्या दारात जाण्याचे कारण नाही. सावरकरांनी 'मेयर'ला 'महापौर' दिला तेव्हाही लोकांना तो जड वाटला होता, आज कोणालाही वाटत नाही.

पागोळी :

अनुस्वार सर, आपल्याविषयी आदर ठेवून असहमती नोंदवते. 'महापौर' रुळला, कारण तो रोज वर्तमानपत्रात येतो. 'गतिशीलता' बारावीच्या परीक्षेबाहेर येत नाही. मी स्वतः सहा वर्षे घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे काम केले आहे. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला प्रश्न कळला नाही, तर शुद्ध शब्दाने मिळालेली माहिती अशुद्ध निघते.

'नागरी'विषयी म्हणाल तर तो शब्द आधीच फार ओझे वाहतो आहे. नागरी सहकारी बँक, नागरी सेवा आणि समान नागरी कायदा या तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होतो. आणि 'नगर' तर वस्त्यांनी केव्हाच आपलेसे केले आहे. गोवंडीचे शिवाजीनगर, घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर अशी कितीतरी नावे सांगता येतील. कोणत्याही वस्तीच्या पाटीवर 'झोपडपट्टी' असे लिहिलेले मी पाहिलेले नाही. तो शब्द बाहेरच्यांचा आहे, आणि आत राहणारे स्वतःच्या जागेला नगर म्हणतात किंवा वस्ती. सरकारी कागदांत पूर्वी 'गलिच्छ वस्ती' असेही लिहीत. जिथे माणसे राहतात, त्या जागेचे नावच गलिच्छ ठेवायचे, हे मला आजही सहन होत नाही.

तळमजला यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर 'बिऱ्हाड' या शब्दाभोवती शोधावे असे आहे. गिरणगावात माणूस आधी 'खोलीवर राहायचा', म्हणजे दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर वळकटी टाकायचा आणि खानावळीत जेवायचा. पुढे पगार वाढला, जागा मिळाली, गावाहून बायको आली की लोक म्हणत, "त्याने मुंबईत बिऱ्हाड केले." जागा बदलली, ऐपत बदलली आणि समाजातले स्थानही बदलले, हे सगळे त्या चार शब्दांत येते. माझे वडील नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि मोजताना कोणी 'कुटुंबे' म्हणत नसे, 'वीस बिऱ्हाडे' म्हणत.

अनुस्वार :

'बिऱ्हाड करणे' हा वाक्प्रचार झाला, संज्ञा नव्हे. शास्त्राला संज्ञा लागते. 'मोबिलिटी'चे प्रमाण, दर, दिशा असे शब्द पुढे जोडावे लागतात, तेव्हा 'बिऱ्हाडाचा दर' असे लिहिणार का?

दिंडीदरवाजा :

या चर्चेत दारिद्र्य आणि मोबिलिटी हे दोन विषय एकमेकांपासून वेगळे धरले जात आहेत, पण शब्दांच्या मुळाशी ते एकच आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'दरिद्र' हा शब्द 'द्रा' म्हणजे पळणे या धातूपासून आला आहे. त्याच्या द्विरुक्त रूपाचा अर्थ इकडेतिकडे धावत राहणे असा होतो. जो एका जागी ठरू शकत नाही, तो दरिद्री. पाणिनीय धातुपाठात हा धातू 'दरिद्रा दुर्गतौ' असा दिला आहे, आणि दुर्गती म्हणजे वाईट गती. 'गरीब' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर आलेला असा आहे. मराठीत येऊन तो आणखी मवाळ झाला, इतका की जिच्या पदरी काहीही नाही तिलाही आणि जी कोणाला शिंग मारत नाही त्या गायीलाही आपण गरीबच म्हणतो.

म्हणजे दोन वेगळ्या भाषाकुळांनी गरिबी ओळखली ती भटकंतीवरून, घर सुटण्यावरून. संशोधकांनी 'दारिद्र्य' आणि 'मोबिलिटी' असे दोन भाग केले असले, तरी ज्या भाषेत दरिद्री म्हणजे धावणारा, त्या भाषेत गती ही सरसकट चांगली गोष्ट कशी ठरेल? 'गतिशीलता वाढली' असे ऐकताच कानाला प्रगतीचा भास होतो. त्या मानखुर्दच्या बाईंचे पाय आता पूर्वीपेक्षा जास्त अंतर कापतात, तक्त्यात त्यांची गतिशीलता वाढलेली दिसेल, आणि कामे मात्र चाराची दोन झाली आहेत. माझा 'गतिशीलते'ला विरोध आहे तो एवढ्यासाठी.

अनुस्वार :

व्युत्पत्तीचा आधार मला मान्य आहे आणि आनंदही झाला. मग 'गरिबी' हा परका शब्द सोडून सर्वत्र 'दारिद्र्य' लिहावे, याला तरी आपली हरकत नसावी. १९७१ साली अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांकांचा निकष धरून देशातील दारिद्र्य मोजले, तेव्हापासून 'दारिद्र्यरेषा' हा शब्द खेड्यातल्या रेशन दुकानापर्यंत पोहोचला आहे. संस्कृत शब्द लोकांना कळत नाहीत, या समजाला याहून चांगले उत्तर कोणते हवे?

पागोळी :

तो पोहोचला शिधापत्रिकेमुळे, संस्कृतमुळे नव्हे. आणि दारावर जाऊन 'तुमचे दारिद्र्य' असे कोणी म्हणू शकत नाही, 'तुमची गरिबी' असेही नाही. आम्ही 'घरची परिस्थिती' म्हणत असू. "परिस्थिती बेताची आहे," "तेव्हा परिस्थिती नव्हती," "आता परिस्थिती सुधारली" असे लोक स्वतःहून बोलतात. कोणाचाही मान न दुखवता हवे ते सांगणारा हा शब्द आहे, आणि तो कोणत्याही परिभाषाकोशाने घडवलेला नाही.

तळमजला :

परिस्थितीचा मुद्दा मनापासून पटला, तो बदल आजच करतो. मात्र एक शंका. दिंडीदरवाजा म्हणतात त्याप्रमाणे गतीला दिशा असेल, तर राहण्याची जागा बदलण्यासाठी 'स्थलांतर' आणि पायरी बदलण्यासाठी 'स्थित्यंतर' अशी जोडी वापरता येईल का?

दिंडीदरवाजा :

जोडी कानाला गोड आहे. पण 'स्थलांतर' म्हटले की गाव सोडून येणे एवढेच डोळ्यांसमोर येते. परळहून डोंबिवलीला गेलेल्या माणसाला आपण स्थलांतरित म्हणत नाही, 'तो आता डोंबिवलीला राहायला गेला' म्हणतो.

या निमित्ताने 'वस्ती'कडेही पाहावे. मूळ 'वसति', म्हणजे राहणे, विशेषतः रात्रीपुरते राहणे. संस्कृतात त्याचा अर्थ रात्र असाही आहे. आमच्या गावाला संध्याकाळी येणारी 'वस्तीची एसटी' असे. ती रात्री पारासमोर उभी राहायची, चालक-वाहक देवळात झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. ज्या शब्दाने आपण आज पिढ्यान्‌पिढ्यांची राहण्याची जागा दाखवतो, त्याच शब्दाने एका रात्रीचा मुक्कामही दाखवतो. जनगणनेने किमान ३०० लोक किंवा ६०-७० घरे अशी झोपडपट्टीची व्याख्या केली आणि २०११ साली बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के कुटुंबे तीत बसली. पण चाळीस वर्षे राहूनही ज्यांना उद्या उठावे लागेल की काय हे कळत नाही, त्यांच्या जागेला 'वस्ती' हाच शब्द नेमका लागू पडतो असे मला वाटते. 'चाळ' हाही 'चालणे' या अर्थाशी जोडलेला असावा, पुढची लांब गॅलरी ही चालण्याचीच जागा असते.

अनुस्वार :

'चाळ'विषयी ही निव्वळ कल्पना झाली. पायात बांधतात तो घुंगरांचा चाळही ओळीत ओवलेलाच असतो. दोन्हीकडे अर्थ ओळीचा आहे, चालण्याचा नाही.

आणि 'नागरी'चा आग्रह मी सोडलेला नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली जो विभाग सुरू झाला, त्याच्या नावात समाजशास्त्राच्या जोडीला 'सिव्हिक्स' होते. त्यांच्या मनात त्याचा अर्थ शहराचा अभ्यास असा होता. गल्ल्या फिरून, घरे पाहून, लोक कोठून येतात आणि काय करून पोट भरतात हे समजून घ्यायचे. आपण त्याचे 'नागरिकशास्त्र' केले आणि ते शाळेत नेऊन हक्क-कर्तव्यांच्या यादीपुरते उरवले. तळमजला ज्यांच्यासाठी काम करीत आहेत, ते संशोधक तर खऱ्या अर्थाने नागरिकशास्त्रच करीत आहेत. तो शब्द त्यांना परत मिळावा.

साष्टीकर :

मी गोव्याचा, वय एक्याऐंशी. एवढे वाचून राहवले नाही. माझे आजोबा बोटीवर कामाला होते आणि दोन बोटींच्या मधल्या काळात मुंबईत धोबीतलावाजवळच्या आमच्या गावाच्या कुडीत उतरत. गोव्यातल्या गावागावांनी मुंबईत अशा कुडी घेऊन ठेवल्या होत्या. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, मधे झोपायची जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. आजोबांच्या नावाची पेटी तिथे कायम असे, माणूस मात्र वर्षातून दोन महिने. तुमचे संशोधक त्यांना मुंबईचे रहिवासी धरतील, गावचे धरतील की बोटीवरचे? जनगणनेत एका स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक कुटुंब धरतात. त्या हिशेबाने कुडीतले चाळीस जण कोणाचे कुटुंब?

पागोळी :

साष्टीकरकाका, हा प्रश्न आम्हाला गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांतही पडत असे. आम्ही शेवटी 'चूल' मोजली, आणि खानावळीत जेवणारे सगळे गळाले. पण मला 'कूड' शब्दाविषयी विचारायचे आहे. आमच्याकडे कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमाती लिंपतात, त्या भिंतीला कूड म्हणतात. तुमची कूड तीच का?

साष्टीकर :

आमच्याकडे कूड म्हणजे खोली, आणि कूड म्हणजे शरीरही. भिंतीचा कूड आम्ही वेगळा मानतो, पण माझी आई तीन्हींना एकच समजत असे.

दिंडीदरवाजा :

मराठीत 'कुडी' म्हणजे देह आहेच. जीव जिच्यात राहतो ती, या नात्याने हे शब्द एका घरचे असावेत असा माझा कयास आहे. कोणाकडे जुने दाखले असल्यास अवश्य द्यावेत.

अनुस्वार :

कयासावर कोश उभा राहत नाही. भिंतीचा कूड पुल्लिंगी, खोलीची कूड स्त्रीलिंगी. लिंगभेदाचा खुलासा आधी व्हावा.

तळमजला :

गटाच्या बैठकीत अजून निर्णय झालेला नाही. एक जण 'गतिशीलता' ठेवा म्हणतात, दुसऱ्यांना तीन वेगळे प्रश्न हवे आहेत, आणि तिसरे रकाना एकच राहील यावर ठाम आहेत. तोवर मी तिथे पेन्सिलीने 'ये-जा, राहती जागा, परिस्थिती' असे लिहून ठेवले आहे. मात्र घराविषयीच्या भागात 'भिंती कशाच्या आहेत?' या प्रश्नाखाली मी 'बांबू व गवत' असा पर्याय दिला होता, तो खोडून आता 'कूड' केला आहे. पागोळीताई, कारवीचा आणि बांबूचा कूड वेगवेगळा मोजावा लागतो का, हे कृपया सांगावे, कारण प्रत सोमवारी छपाईला जाते आहे.