अनुभवी डॉक्टरला ब्रिटनमध्ये प्लॅब कशाला?

तिरपा_प्रश्न
पंधरा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या फिजिशियनला ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची (जीएमसी) नोंदणी हवी, तर बहुतेक वेळा प्लॅब, म्हणजे परदेशी पदवीच्या डॉक्टरांसाठीची दोन टप्प्यांची परीक्षा. तिची पातळी काय? तिथल्या फाउंडेशनच्या (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्या ज्युनिअरची. आधी प्लॅब 1: 180 एमसीक्यू तीन तासांत. मग प्लॅब 2: मँचेस्टरला 16 स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी रुग्णाचा एकेक प्रसंग. यात अनुभव मोजला जातो कुठे? चाळणीच चुकीची आहे.

आठ_मिनिटं
अर्धंच सांगताय. एमआरसीपी यूके (तिथली फिजिशियनची पदव्युत्तर परीक्षा) पूर्ण असेल तर प्लॅब लागत नाही. इंग्रजीची परीक्षा मात्र सुटत नाही: आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकला एकूण 7.5 आणि चारही भागांत किमान 7, तेही एकाच बैठकीत. किंवा ओईटीत (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) चारही भागांत बी ग्रेड.

आणि प्लॅब 2 अनुभव मोजायला नाहीच. दाराबाहेर दीड मिनिट वाचायला, आत आठ मिनिटं. गुण तीन गोष्टींचे: माहिती काढणं, उपचारांची आखणी, रुग्णाशी वागणं. मुरलेले डॉक्टर तिसऱ्यात मार खातात. छातीत दुखतंय म्हटल्यावर पाच मिनिटं प्रश्नांची सरबत्ती, मग 'अँजिओग्राफी करू' म्हणून मोकळे. 'तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?' हे राहूनच जातं. वडील अशाच दुखण्यात गेले, हे रुग्ण झालेल्या नटाला सांगायचं असतं, पण विचारलं तरच.

तिरपा_प्रश्न
नटासमोरची सहानुभूती पाठ करता येते हो. क्लासवाले वाक्यंच घोटून घेतात.

आठ_मिनिटं
घोटलेलं वाक्य चुकीच्या जागी पडलं की लगेच उघडं पडतं. रुग्ण चिडलेला आणि तुमचं 'ऐकून वाईट वाटलं' सुरू!

कागदपत्र_काका
भांडा तुम्ही. लोक अडकतात ते तारखांत. प्लॅब 1 नंतर दोन वर्षांत प्लॅब 2, त्यानंतर दोन वर्षांत नोंदणी. इंग्रजीचा निकालही दोनच वर्षं चालतो, म्हणून तो उगाच लवकर देऊन ठेवू नका. उलट गुड स्टँडिंगचं (तक्रार-कारवाई नसल्याचं, तिथल्या कौन्सिलचं) प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आतलं लागतं, गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे प्रॅक्टिस केली त्या प्रत्येक ठिकाणचं. ते सगळ्यात शेवटी मागवा. पदवीची पडताळणी एपिक या ऑनलाइन सेवेमार्फत होते. पासपोर्टवर आडनाव शेवटी आणि पदवीवर आधी, एवढ्यावरूनही खुलासे मागतात.

तिरपा_प्रश्न
आणि एवढं करून नोकरीची हमी?

आठ_मिनिटं
नाही. नोंदणी म्हणजे परवाना, नेमणूक नव्हे. व्हिसालाही स्पॉन्सर करणारा नोकरीदाता लागतो. 2019 मध्ये सगळे डॉक्टर व्हिसाच्या टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत गेले आणि दार उघडलं. 2025 च्या आरोग्य योजनेत सरकारने प्रशिक्षणाच्या जागांसाठी तिथल्या पदवीधरांना, आणि एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) बराच काळ काम केलेल्यांना, प्राधान्य देण्याचं जाहीर केलं.

तिरपा_प्रश्न
मग जागा मोजून परीक्षेला बसवा. फी घेताना मात्र कुणाला टंचाई-बिंचाई आठवत नाही.

कागदपत्र_काका
जागा हॉस्पिटलांच्या, परीक्षा जीएमसीची. मोजणार कोण?