अनुभव धागा: घरातलं माणूस जातं, कंपनीतली वर्षं सोबत येतात, आणि मग कोचिंग-स्ट्रॅटेजीचं काम

कंपनीतली नोकरी सोडून कोचिंगकडे (शिकवणी नव्हे, प्रश्न विचारत माणसाला त्याची वाट शोधायला मदत करणं) किंवा व्यवसाय-सल्ल्याकडे वळलेली बरीच मंडळी ओळखीची आहेत. निवांत बसलो की कंपनीत काय शिकलो ते सांगून होतं, आणि मग घरात कोण गेलं ते निघतं. हे दुसरं प्रोफाइलवर कुणी लिहीत नाही. ते इथे लिहावं, असं आग्रहाचं आमंत्रण. विनंती एवढीच, की ‘त्यातून मी खंबीर झाले’ इथे थांबू नका. कामात नेमकं काय बदललं ते सांगा. सुरुवात मी करते.

पुणे, आयटीतल्या मनुष्यबळ विभागातून कोचिंगकडे

हिंजवडीत असताना कंपनीत फेररचना झाली की मॅनेजरांचं प्रशिक्षण मी घ्यायचे. त्यात दुःखाच्या पाच टप्प्यांची एक स्लाइड ठरलेली: नकार, राग, वाटाघाट, नैराश्य, स्वीकार. माझा धाकटा भाऊ गेला आणि ती स्लाइड मला दाखवेना. घरात तसं काहीच क्रमाने घडत नव्हतं. आई सकाळी त्याच्या विम्याचे कागद नीट लावायची आणि दुपारी त्याचा शर्ट घेऊन बसायची.

मग मुळाशी जाऊन वाचलं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते नंतर वापरले गेले आणि कंपन्यांनी तर थेट फेररचनेला लावले. श्ट्रोबे आणि शूट या संशोधकांची १९९९ सालची मांडणी मला आईच्या दिवसाशी जुळणारी वाटली: माणूस दुःख आणि रोजचा व्यवहार यांच्यात ये-जा करत राहतो, आणि ही ये-जा निकोप असते.

आता एखादा मॅनेजर विचारतो, “ती अजून सावरली नाही का?” तेव्हा मी त्याच्याकडून एवढंच काढून घेते, की कोणतं काम तिला हातात हवंय आणि कोणतं सध्या नकोय, हे तिला विचारलंत का. बहुतेकांनी विचारलेलं नसतं.

भोसरी, वाहन-सुट्या भागांच्या क्वालिटीतून लघुउद्योगांच्या स्ट्रॅटेजीकडे

चाकणच्या कारखान्यात मी एफएमईएचे, म्हणजे संभाव्य बिघाड आधीच हेरण्याचे, तक्ते भरायचो. काय बिघडू शकतं, ते किती गंभीर, किती वेळा घडेल, आधी पकडता येईल का. शेवटच्या तिन्हींना १ ते १० आकडा, आणि त्यांचा गुणाकार. कास्टिंगमधल्या बारीक भोकासाठी आम्ही तासन् तास वाद घालायचो.

घरचं टर्निंगचं जॉब वर्क होतं, बाबा आणि काका दोघंच भागीदार. बाबा अचानक गेले. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असले तर करारपत्रातल्या ‘फर्म चालू राहील’ या वाक्याचाही उपयोग नसतो, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. बँकेने सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) खातं थांबवलं. मशीन चालू, ऑर्डर हातात, आणि शनिवारच्या पगाराला पैसे काढता येईनात. कामगार थांबले ते बाबांच्या शब्दाखातर. ते ऋण मी विसरणार नाही.

तेव्हा उमगलं, की सही करणारा माणूसच नसेल ही ओळ आमच्या तक्त्यात कधी नव्हतीच. आज भोसरी-तळवडेतले मालक विस्ताराचा प्लॅन घेऊन येतात, नवं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचं असतं. मी आधी विचारतो: तुम्ही दोन महिने नसलात तर चेकवर सही कुणाची? दर ठरवताना कच्चा हिशेब कुणाच्या डोक्यात आहे? एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर हेही सांगतो, की मालक गेल्यावर धंदा चालवणाऱ्या वारसाला नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने वळतं करावं लागतं. हे मिटल्यावर मशीनचं बोलतो. माझ्या मते स्ट्रॅटेजी इथूनच सुरू होते.

नाशिक, कंपनीचं पगाराचं काम (पेरोल) सांभाळून आता पुन्हा नोकरीत येणाऱ्या स्त्रियांचं कोचिंग

कर्मचारी गेल्यावर घरच्यांच्या हक्काच्या पैशांच्या फायली मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी केल्या होत्या. आमचे ‘अहो’ गेल्यावर स्वतःची केली. ईडीएलआयचा (पीएफसोबतचा) विमा ७ लाखांपर्यंत मिळतो, मृत्यू झाला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट नसते, हे मला पाठ होतं म्हणून वणवण वाचली. शेजारच्या वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून माझ्याकडे येणारीला मी पहिल्या भेटीत स्वप्नं विचारत नाही. घरखर्च किती महिने निघेल ते मांडते, मग ती मोकळेपणाने बोलते.

मुंबई, कोचना शिकवते

थोडं वेगळं मांडते, मनाला लावून घेऊ नका. दुःख ही पात्रता नाही. आयसीएफ या कोचच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रांत एसीसी या पहिल्या पातळीला १०० तास, पीसीसीला ५००, एमसीसीला २,५०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, तो उगाच नाही. माझे वडील गेले तेव्हा माझं ऐकणं बदललं हे खरं, पण क्लायंट रडू लागला की मी माझी कहाणी सांगत नाही. ती वेळ त्याची असते. झोप उडाली, जगणं नकोसं वाटतंय असं कुणी म्हणालं तर कोचिंग थांबवून समुपदेशकाकडे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर पोचवायचं. ही रेघ पाळलीच पाहिजे.

कोल्हापूर

भोसरीचे दादा, आमचाही फौंड्रीचा धंदा आहे. वडील पंचाहत्तरीचे. सहीचा विषय काढला की “अभद्र बोलू नकोस” म्हणून उठून जातात. तुम्ही कसं काढता?

भोसरी

मरणाचं नावच काढायचं नाही. “बाबा, तुम्ही आणि आई दोन महिने चारधामला जा, मागे मी बघतो. काय काय बघायचं ते सांगा,” म्हणायचं. बहुतेक मालक कागद-पेन घेऊन स्वतःच यादी लिहायला बसतात. त्या यादीतल्या बँकेच्या कामांपासून सुरुवात करा, आणि त्यांना खरंच पाठवा.