दिवाडीवर पहिल्यांदा : तुमचे अनुभव

दोन वर्षांच्या खंडानंतर आपले वार्षिक एलजीबीटीक्यू प्रवासी संमेलन यंदा पुन्हा भरले. या वेळी ते उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर नव्हते, तर मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर होते. जुन्या जागेचे भाडे आपल्या आवाक्याबाहेर गेले, एवढेच स्थलांतराचे कारण. जागेबरोबर संमेलनाचा स्वभावही पालटला असे मात्र मला तिन्ही दिवस वाटत राहिले. किनाऱ्यावर आपल्याला कोणी ओळखत नसे, कारण तिथे कोणीच कोणाला ओळखत नाही. बेटावर दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलचा भोंगा वाजवत आलेल्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, कोणत्या घरी किती माणसे उतरली आहेत हे न विचारताच ठाऊक होते. म्हणून यंदा अनुभव मागवताना प्रश्न एकच ठेवतो : असे ओळखले जाणे तुम्हाला कसे वाटले? जेवणाविषयी नंतर बोलू. नाव लिहू नये, गाव पुरे.

पेडणे

मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. किनाऱ्यावरच्या संमेलनाला मी चार वेळा आलो, आणि चारही वेळा घरी ‘प्रशिक्षण शिबिर’ असे सांगून आलो. यंदा रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत पाऊल ठेवतो तोच दोर धरून उभा असलेला खलाशी म्हणाला, “सर, तुमी हांगा?” (तुम्ही इथे?) तो माझा जुना विद्यार्थी होता, गणितात कच्चा आणि माणसे ओळखण्यात पक्का. मी लग्नाला चाललो आहे असे सांगितले. नदी ओलांडायला जेमतेम काही मिनिटे लागतात, पण तेवढ्या वेळात मी त्या नसलेल्या लग्नाचे घराणे, मुहूर्त आणि जेवणावळ मनात रचून काढली.

आमच्या गावच्या दहीकाल्याच्या नाटकात स्त्रीपार्ट करणारे एक गृहस्थ होते. रात्री त्यांच्या सीतेला बायका ओवाळत आणि सकाळी तेच गृहस्थ शेतात चिखलात उभे असत. गावाने त्यांना कधी काही विचारले नाही, आणि त्यांनीही कधी काही सांगितले नाही. हा करार मला लहानपणापासून पाठ आहे, आणि मी आजवर त्याच्याच आधाराने जगत आलो आहे. बेटावर तो मोडेल अशी धास्ती मला पहिल्या रात्री इतकी होती की, मी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, न बसता आतल्या खोलीत बसलो.

रविवारी परतताना तोच खलाशी होता. आमच्यातल्या दोघांच्या हातांवर इंद्रधनुषी पट्टे होते आणि ते त्याने नीट पाहिले होते. त्याने मला विचारले, “सर, न्हवरो कोण आशिल्लो?” (नवरदेव कोण होता?) मला उत्तर सुचले नाही. तो हसला आणि दोर सोडायला गेला. ते हसू कसले होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुणे

आम्ही दोघे बारा वर्षे एकत्र राहतो आणि हॉटेलात ‘एकच पलंग चालेल का?’ या प्रश्नाला सरावलो आहोत. दिवाडीवर तो कोणी विचारला नाही, हे खरे. पण मोकळेपणाने सांगायचे तर कंटाळा आला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम किनाऱ्यावरही होता, मात्र तिथे निदान समुद्राचा आवाज असे. आम्ही गोव्याला नाचायला येतो.

सावंतवाडी

वरचा प्रश्न वाचून मला थोडे हसू आले. ओळखले जाणे ही ज्याला लपता येते त्याच्यासाठी नवी गोष्ट आहे. मी पारलिंगी स्त्री आहे. उंची, आवाज आणि हनुवटी घेऊन मला कुठेच लपता आलेले नाही. रेल्वेच्या आरक्षणात आता स्वतंत्र रकाना आहे, २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी दिलेले ओळखपत्रही माझ्याकडे आहे. पण आधार कार्डावरचे नाव अजून जुनेच आहे. चार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून मला पाऊण तास उभे केले होते, आणि शेवटी खोली मिळाली ती मैत्रिणीच्या नावावर. यंदा करमळीला उतरून जुने गोवेमार्गे बेटावर पोचले तेव्हा घरमालकीणबाईंनीही दोन्ही कागद पाहिले. त्या थोडा वेळ थांबल्या आणि नोंदवहीत नव्या कागदावरचे नाव उतरवले. मग गरम पाण्याची बादली कुठे मिळेल ते सांगितले.

माणसे बघत नव्हती असे नाही. तिठ्यावरच्या दारूच्या दुकानापाशी बसणारे सहा जण पहिल्या दिवशी माझ्याकडे एकटक बघत होते. फरक इतकाच की किनाऱ्यावर बघणारे दर तासाला नवे असत आणि त्यांच्या हातात मोबाइलचे कॅमेरे असत. इथे ते सहाच होते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचे बघणे संपले. संयोजकांना एक मागणी आहे : पुढच्या वेळी न्हाणीघर घरच्या माणसांबरोबर वापरावे लागणार नाही अशा खोल्या काही जणींसाठी राखून ठेवा. बेट कितीही भले असले तरी पहाटे पाच वाजता ओल्या केसांनी अनोळखी आजोबांसमोरून जाणे सोपे नसते.

फोंडा

माझी साथीदार वकील आहे. दुसऱ्या दिवशी बाल्कांवात बसून तिने जे समजावले, त्यासाठी मला हे संमेलन लक्षात राहील. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार विवाहपूर्व करार केलेला नसेल तर लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते. बायकोला निम्मा हक्क देणारा हा कायदा म्हणून आम्ही गोवेकर त्याचा अभिमान बाळगतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यापासून तो निम्मा हक्क आमच्या दारापर्यंत येऊन थांबलेला आहे. मृत्युपत्र करावे म्हटले तरी आईवडील हयात असताना निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट आपल्या मर्जीने लावता येते. ज्या घराच्या ओसरीवर हे बोलणे चालले होते त्याचे वारस चार देशांत विखुरलेले आहेत, आणि तरीही प्रत्येकाचा वाटा कागदावर ठरलेला आहे. नऊ वर्षे एका छताखाली राहून आमचा कोणताच वाटा ठरलेला नाही.

अनुभव मागवणारा मी मध्येच थोडे लिहितो. न्हाणीघराची नोंद घेतली आहे. पुणेकरांचा कंटाळाही मला मान्य आहे, पण बेटाविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवरच होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ मोडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. जागा बदलावी लागणे या बेटाला नवे नाही. दुसरी गोष्ट बोंदेरां उत्सवाची. दर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथल्या वाड्यांच्या झेंड्यांची लुटुपुटीची लढाई होते, कारण एके काळी हद्दीचे तंटे झेंडे रोवून आणि उपटूनच चालत. आपण आपला झेंडा कुठे लावावा हे विचारायला गेलो, तेव्हा गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला होता : घराच्या आवारात लावा, रस्त्यावर नको, त्या खांबावरून दोन वाड्यांचे आधीच भांडण आहे.

मुंबई

माझे वय अडुसष्ट आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विषयीचा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल, तो फिरवणारा २०१३ चा निकाल आणि ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल, हे तिन्ही दिवस मी एकाच खोलीत रेडिओसमोर बसून काढले. पहिल्या दोन वेळी सोबत मित्र होता.

आम्ही दोघे १९८७ साली गोव्यात आलो होतो. आदल्या वर्षीच्या जुलैत पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला होता आणि पलीकडे जायला फेरीबोटींत भयंकर गर्दी असे. त्या गर्दीतही आम्ही एकमेकांपासून चार हात लांब उभे राहिलो. तसे ठरवले नव्हते, सवयच तशी होती. यंदा त्याच नदीवर, मात्र बरेच वरच्या अंगाला, मी कठड्याला टेकून उभा होतो. बाकावर आपल्यातली दोन मुले एकमेकांच्या खांद्यावर डोके टाकून गाढ झोपली होती. धक्का जवळ आला तेव्हा त्यांना उठवण्याचे काम माझ्याकडे आले.