वडिलांचे दात हलताहेत, बिडी सुटत नाही. सांगली-मिरजेत कुठं दाखवावं?

हळदपेठ_सांगली
नमस्कार. वडिलांचं वय ५६. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. बिडी तरुणपणापासून. खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, हिरडी खाली सरकून दात लांब दिसतात, आतल्या बाजूनं काळं कीटण चढलंय. तोंडाला वासही येतो. त्यांचं म्हणणं एकच, "हिरडीतनं रक्त येत नाही, दुखत नाही, मग डॉक्टर कशाला?" त्यात शेजारच्या काकांनी सांगितलंय की क्लीनिंग केलं की दात आणखी हलतात. हे बिडीमुळंच असेल का? क्लीनिंग करावं का? आणि खर्च झेपेल असं ठिकाण सुचवा.

दातांचा_डॉक्टर_कराड
दादा, रक्त येत नाही याचीच मला जास्त काळजी वाटते. एरवी कीटणात जंतू साठले की हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं आणि माणूस घाबरून दवाखान्यात येतो. निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं बिडी ओढणाऱ्याची हिरडी फिकट आणि जाडसर दिसते, रक्त फारसं येतच नाही. वरून सगळं ठीक, आणि आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत राहतं. असे पेशंट बहुतेक वेळा दात हलायला लागल्यावरच येतात. न ओढणाऱ्यांपेक्षा ओढणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका निदान दुप्पट असतो, आणि उपचारांचा गुणही कमी येतो, कारण जखम भरायला रक्तपुरवठा लागतो.

क्लीनिंगनं दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं, कीटण दोन दातांमध्ये सिमेंटसारखं बसून त्यांना जखडून ठेवतं. ते निघालं की खरी अवस्था दिसते एवढंच. डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतील. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५-६ निघाली तर मुळापर्यंत खोल सफाई करावी लागते, कधी हिरडी उघडून. एक्स-रे काढून घ्याच. साखरही तपासा, मधुमेह आणि बिडी एकत्र आले की हाड फार लवकर जातं.

मिरजकर_ताई
भाऊ, सांगली-मिरज रोडला वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, तिथं जा. अशा कॉलेजात शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळं खर्च कमी येतो. वेळ मात्र जातो, सकाळी लवकर निघा. केसपेपर काढताना हिरड्यांचा विभाग विचारा, नुसतं "दात दाखवायचाय" म्हणू नका.

आणि एखादा दात काढावा लागलाच तर बिडीचं आधीच बजावून ठेवा. आमच्या धाकट्या दिरांनी दाढ काढल्यावर संध्याकाळीच सिगारेट ओढली. पुढं कानापर्यंत ठणका लागला, रात्रभर झोप नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते ती ओढताना निघून येते आणि हाड उघडं पडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कोरेगावचा_पाटील
आमच्याकडं म्हातारी माणसं बिडी न ओढता सकाळी मिश्री लावतात, त्यांचे दात घट्ट आहेत. वडिलांना बिडीऐवजी तेच सुचवा.

दातांचा_डॉक्टर_कराड
पाटील, कृपा करून असं सुचवू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, दातही घासून झिजतात, आणि जिथं रोज लावली जाते तिथं पांढरे चट्टे येताना मी सतत बघतो, विशेषतः बायकांच्या तोंडात.

यावरून आठवलं, वडिलांचं तोंड उजेडात नीट बघा. गालाच्या आत, ओठांच्या कोपऱ्यात, जिभेच्या कडेला आणि जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दातांचं राहू दे बाजूला, आधी ते दाखवा. दुखत नसलं तरी. तुकडा काढून तपासावा लागेल, आणि त्यात उशीर परवडत नाही.

सज्जनगड_पायथा
मी बिडीवाला होतो, आता नाही. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. सोडल्यावर काही आठवड्यांत माझ्या हिरड्यांतून उलट रक्त यायला लागलं. मला वाटलं सोडल्यानंच बिघडलं. डॉक्टर म्हणाले, हिरडीत रक्त परत खेळायला लागलंय, म्हणून लपलेली सूज आता दिसतेय, क्लीनिंग करून घ्या. वडिलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरून पुन्हा पेटवतील.

बिडी वारंवार विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. "सिगारेटपेक्षा बिडी हलकी" यावर अजिबात विश्वास ठेवू नका. निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. ते सारखं चघळायचं नसतं. जिभेला झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचं, आणि चहाच्या आधी-नंतर पंधरा मिनिटं टाळायचं. माझी तलफ चहासोबतच यायची, म्हणून हे जमवायला वेळ लागला. १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, समोरचा माणूस नीट ऐकून घेतो.

हळदपेठ_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा रक्ताबद्दलचा मजकूर वडिलांना वाचून दाखवला. पहिल्यांदाच काही न बोलता ऐकलं, आणि सोमवारी यायला तयार झालेत. जाताना काय न्यावं?

दातांचा_डॉक्टर_कराड
चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि असला तर साखरेचा रिपोर्ट. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर केसपेपरवर आधी लिहून घ्यायला सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. आणि उपाशीपोटी नेऊ नका, वेळ लागेल.