गाव माळावर, पूर येत नाही. मग तयारी कशाची?

प्रश्न: करवीर तालुक्यात गाव, उंचावर. पावसाळ्याआधी काय बघून ठेवू?

उत्तर १: पूर घरात येत नाही, पण नळ बंद पाडतो. जॅकवेल, म्हणजे नळाचं पाणी उपसायची विहीर, नदीकाठी; मोटर बुडते. मग विहिरीचं पाणी. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच टाकीत ओता, अर्धा तास थांबा. पोतं उघडं, दमट राहिलं असेल तर क्लोरीन उडालेला असतो. असली पावडर टाकून काय उपयोग?

उत्तर २: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. वैरण, औषधं ३९ लाच भरा. ४३ ची वाट बघत बसलात तर रस्ते बंद, दूधही घरातच.

उत्तर ३: माळावर खरी भीती वळवाच्या विजांची, राव. जनावरं एकट्या झाडाला, तारेच्या कुंपणाला बांधू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं रानात जायचं नाही. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा.